ओगलेबाई आणि घाडींचा भोवरा

ओगलेबाईंच्या दारावर दोन पाट्या होत्या. एकीवर त्यांचं नाव आणि बी.एस्सी. ही पदवी. दुसरी पाटी त्यांनी माझ्याकडून रंगवून घेतली होती, कारण शाळेत माझं अक्षर बरं समजलं जाई. तिच्यावर लिहिलं होतं: 'नवे सिद्धांत रविवारी सकाळी ९ ते ११. भाकितासह यावे.'

नव्या माणसाला ही पाटी ज्योतिषाची वाटे. एकदा एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन बसले होते. बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि ह्यात गुरुत्वाकर्षण कुठे येतं, असं विचारलं. गृहस्थ चपला हातात घेऊन निघाले.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मुलुंडच्या एका शाळेत मी मराठी शिकवीत होतो आणि ओगलेबाई पदार्थविज्ञान. राहायलाही आम्ही एकाच इमारतीत. त्या तळमजल्यावर, मी वर. बाई पन्नाशीच्या, विधवा, एकट्या. उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ आणि अंबाड्यात कायम एक टोक केलेली पेन्सिल.

"एकक काय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. वजनाला शेर, लांबीला फूट, वेळेला सेकंद. ज्याला एकक नाही त्या गोष्टीवर बाईंचा विश्वास नव्हता. मुख्याध्यापक एकदा सभेत म्हणाले की यंदा शाळेचा दर्जा खूप उंचावला. बाईंनी वह्या तपासता तपासता, मान वर न करता विचारलं, "एकक काय?" मुख्याध्यापकांनी घाईघाईने सगळ्यांसाठी चहा मागवला. भाजीवालीने मेथी ताजी आहे म्हटलं की बाई विचारीत, किती तासांची. मी एकदा एका कवितेबद्दल बोलताना ती काळजाला भिडते असं म्हणालो. बाई म्हणाल्या, "किती?" मी चिडून म्हटलं, पावशेर. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "चला, एकक तरी आलं."

सिद्धांतांचं प्रकरण कसं सुरू झालं ते सांगतो. त्या सुमारास परदेशातले एक फार मोठे शास्त्रज्ञ वारले. वर्तमानपत्रांत त्यांचे पिंजारलेल्या केसांचे फोटो आले आणि सोबत अशी माहिती की गुरुत्वाकर्षण आणि वीजचुंबकत्व यांना एकाच सूत्रात बांधायचा त्यांनी जन्मभर प्रयत्न केला, पण ते राहून गेलं. ते वाचून उपनगरांतल्या बऱ्याच मंडळींना वाटलं, अरेरे, आपल्याला आधी विचारलं असतं तर. त्याच वर्षी गणेशोत्सवात बाईंचं अणूवर व्याख्यान झालं. शेवटी एक वैद्यबुवा उठून म्हणाले की हे सगळं चूक आहे, खरी उपपत्ती माझ्याकडे आहे. लोक हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वैद्यबुवांना रविवारी घरी बोलावलं आणि त्यांचे दोनशे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतची विश्वं बाईंच्या दाराशी येऊ लागली.

वैद्यबुवांच्या मते गुरुत्वाकर्षण म्हणजे कफ, वीज म्हणजे पित्त आणि चुंबकत्व म्हणजे वात. अंधेरीच्या एका निवृत्त ओव्हरसियरांचं विश्व नारळाच्या आकाराचं होतं आणि त्याच्या तीन डोळ्यांमधून तीन बलं बाहेर पडत. घाटकोपरच्या एका कापडवाल्या शेठजींनी तर सगळं विज्ञान एका ओळीत बसवलं होतं. बाईंनी ती ओळ वाचून सांगितलं की डाव्या बाजूला शेर आहेत आणि उजव्या बाजूला गज, हे बरोबरीचं चिन्ह मधे काय करतंय? शेठजी म्हणाले, बाई, दुकानात आम्ही हेच करतो, शेराला गज देतो. बाईंनी हेही टिपून घेतलं.

मी तिथे असण्याचं कारण एवढंच की मला पदार्थविज्ञान येत नव्हतं. "तुम्हाला कळलं तर ते स्पष्ट लिहिलंय असं धरायचं," असं बाई म्हणत. वर्षभर मी दर रविवारी त्यांच्या झोपाळ्यावर एका कडेला बसून मोजपट्टीचं काम केलं.

त्यांची पद्धत ठरलेली. कागद पूर्ण वाचायचे. मग दोन प्रश्न. तुमचं खरं असेल तर आपल्याला असं काय दिसेल, जे एरवी दिसणार नाही? आणि काय दिसलं तर तुम्ही चुकलात असं तुम्ही कबूल कराल? पहिल्या प्रश्नाला लोक उत्साहाने उत्तरं देत. दुसऱ्याला गप्प होत. ओव्हरसियर म्हणाले, माझा सिद्धांत चुकूच शकत नाही, त्यात सगळं बसतं. त्यावर बाई म्हणाल्या, "उद्या ऊन पडलं तरी तुमचं बरोबर, पाऊस पडला तरी तुमचं बरोबर. मग मी छत्री घेऊ की नको?"

निकाल दिल्यावर चहा, आधी नाही. बरेच जण चहा न घेताच जात. कुणी रागावून, कुणी खाली बघत. मला त्यांची कणव यायची. एकदा मी न राहवून बाईंना म्हटलं की छान आहे, अजून अभ्यास करा, एवढं म्हणायला काय जातं? बिचारी माणसं आनंदात घरी जातील. बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढचं बोललो नाही. माझी खात्री झाली, ह्या बाईंना विद्या आहे, पण माया नाही.

मग पुढच्या आषाढात घाडी आले.

विष्णू घाडी. मूळचे मालवणकडचे, कुर्ल्याच्या एका गिरणीत फिटर. चाळिशीचे, हडकुळे, हातांची नखं तेलाने काळी, पण सोबत आणलेल्या चार वह्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून स्वच्छ ठेवलेल्या. लहानपणी खाडीच्या मुखाशी भोवरा पाहिला तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. जगात सगळीकडे एक पातळ द्रव्य भरलेलं आहे आणि त्यात भोवरे फिरताहेत. भोवऱ्याकडे वरून पाहिलं तर ती वीज, बाजूने पाहिलं तर प्रकाश, आणि आत ओढलं जाणं म्हणजे गुरुत्वाकर्षण. "बाईनू, सगळा एकच आसा," ते म्हणाले. "भोवरो."

बाईंनी चारही वह्या ठेवून घेतल्या आणि दोन आठवड्यांनी त्यांना ते दोन प्रश्न विचारले. घाडींनी बोटाने जमिनीवर दोन वर्तुळं काढली. मग म्हणाले, अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका अंगाला येतात, त्यांचे भोवरे एकमेकांत मिसळतात, तेव्हा आपल्याकडची ओढ थोडी सैल पडली पाहिजे. म्हणजे लंबक हळू चालला पाहिजे.

"किती हळू?"

ते त्यांना सांगता येईना. पुढच्या रविवारी येतो म्हणाले आणि खरंच आले, आकडा घेऊन. तासाला निदान दोन हेलकावे कमी. बाईंनी त्यांच्याकडून ते कागदावर लिहून घेतलं. त्याखाली घाडींनी स्वतःहून आणखी एक ओळ लिहिली: 'कमी न झाल्यास भोवरा खोटा.' मग सही केली. वर्षभरात दुसऱ्या प्रश्नाचं असं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. बाईंनी त्या दिवशी चहा आधी केला.

लंबक टांगायला जागा हवी, तर बाईंनी झोपाळ्याची फळी उतरवली. एका कडीतून घाडींनी मापून पोलादी तार सोडली आणि तिला ओतीव लोखंडाचा, लेथवर फिरवून गुळगुळीत केलेला गोळा लावला. रेडिओवर सकाळी आठच्या बातम्यांआधी ठोके पडत, ते ऐकून मोजायला सुरुवात करायची आणि नऊच्या ठोक्यांना थांबायचं. मोजायचं काम माझं. शंभर हेलकाव्यांना एक चिंचोका बाजूला. नारळी पौर्णिमेच्या सकाळी आकडा आला एक हजार दोनशे सहा. आता अमावास्येची वाट पाहायची.

अमावास्येच्या आधल्या आठवड्यात घाडी माझ्याकडे वर आले आणि एक अर्ज शुद्ध करून मागितला. तो गिरणीच्या नोकरीचा राजीनामा होता. भोवरा खरा ठरला की जन्म त्यालाच द्यायचा, ठिकठिकाणी जाऊन तो लोकांना दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारून तो परत दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको बाईंकडे आली. पदर डोक्यावरून घेतलेली, बारीक चणीची बाई. घरात दोन लहान मुली आहेत, असं तिने सांगितलं. नवरा वाईट नाही, व्यसन नाही, हात गुणी आहे, पण ह्या वह्यांनी त्याला झपाटलंय. मग ती जवळजवळ कुजबुजत म्हणाली, "बाईनू, ह्या सगळा खोटा आसा म्हणान तेंका सांगा. तुमचा ऐकतले ते."

मला वाटलं, आता तरी बाई हो म्हणतील. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की खोटं निघालं तर त्याच दिवशी सांगेन, तोंडावर सांगेन. पण मोजल्याशिवाय नाही सांगणार. ती गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघवलं नाही. मी बाईंशी दोन दिवस बोललो नाही.

पिठोरी अमावास्या उजाडली. घाडी दुसऱ्या पाळीचे होते, म्हणून सकाळी मोकळे. आठचे ठोके पडले. मी मोजू लागलो. खोलीत गोळ्याच्या जाण्यायेण्याखेरीज काही हलत नव्हतं. बारावा चिंचोका बाजूला ठेवला. एक, दोन, तीन, चार. आणि नऊचे ठोके पडले.

एक हजार दोनशे चार.

दोन कमी. बरोबर दोन.

घाडी चिंचोके पुन्हा पुन्हा मोजू लागले. मी स्वतःला विसरून त्यांच्या पाठीवर हात फिरवत होतो. मुलुंडच्या तळमजल्यावर विश्वाचा उलगडा झाला आणि चिंचोके मी मोजले, असं काहीसं माझ्या मनात चाललं होतं. बाई खुर्चीतून उठल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या शांतपणे म्हणाल्या की घाडी, आता तारेची लांबी मोजा.

मला त्या क्षणी बाईंचा संताप आला. घाडींनी मात्र खिशातून पोलादी पट्टी काढली. स्टुलावर चढले, कडीपासून गोळ्यापर्यंत माप घेतलं, एकदा, दोनदा, तीनदा. त्यांची पाठ आमच्याकडे होती. किती आलं ते फक्त त्यांना दिसत होतं. तेवढंच आहे असं ते म्हणाले असते तर आम्ही दोघांनी ते मानलं असतं. राजीनामा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता.

ते खाली उतरले.

"बाईनू, तार वाढली," ते म्हणाले. "दोन सूत."

सूत हे फिटर लोकांचं माप. इंचाचा आठवा भाग. वरची गाठ भाराने सरकली होती. लांब लंबक हळू चालतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून कागदावर हिशेब केला. दोन सूत वाढलेल्या तारेने तासाला जवळजवळ दोनच हेलकावे कमी होतात. भोवऱ्यासाठी काही उरत नव्हतं.

तरी अजून काही सिद्ध झालं नाही, असं बाई म्हणाल्या. ना खरं, ना खोटं. गाठीच्या जागी घाडींनी पुढच्या आठवड्यात पितळी चाप बसवला, रोज येऊन माप घेतलं. तार सुताच्या पावभागानेही हलली नाही. महिन्याने सर्वपित्री अमावास्येला आम्ही पुन्हा बसलो. शाळेला सुट्टी होती. नऊच्या ठोक्यांना आकडा आला एक हजार दोनशे सहा. पौर्णिमेइतकाच.

घाडींनी गोळा हाताने थांबवला, तो थांबवताना एखाद्या जनावराला थोपटावं तसा हळूच थांबवला. मग म्हणाले, "खोटो तर खोटो. कळला ता बरा झाला." आणि खिशातला राजीनामा काढून त्याची चौघडी चिंचोक्यांच्या वाटीखाली सरकवली.

इथे एक सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला घाडींची काळजी लागायला नको. घाडी गिरणीतच राहिले आणि पुढे त्यांची बढती झाली. सुट्टीच्या दिवशी ते आमच्या शाळेची मोडकी उपकरणं दुरुस्त करायला येत. त्यांच्या हातचा तराजू इतका नाजूक होता की मुलं त्यावर पापणीचा केस ठेवून बघत. थोरली मुलगी पुढे आमच्याच शाळेत आली आणि बाईंच्या हाताखाली शिकली. भोवऱ्याबद्दल ते मोकळेपणाने बोलत, गावाकडच्या एखाद्या जुन्या मित्राबद्दल बोलावं तसे.

पण मला सांगायचं आहे ते त्या सर्वपित्रीच्या सकाळचं.

बाईंनी चहा केला. घाडींच्या हातात कप देऊन त्या म्हणाल्या की माझ्याकडे इतके लोक आले, पण स्वतःची चूक स्वतः मोजून सांगणारे तुम्ही पहिले. मग त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मांजरपाटात बांधलेलं एक गाठोडं होतं. गाठ सुटेना, इतकी जुनी. घाडींनीच ती सोडवली. आत कागद होते, शे-दोनशे, बारीक सुवाच्य अक्षरातले.

"हे आमच्या घरातलं," बाई म्हणाल्या.

ओगले सर्व्हे खात्यात नोकरीला होते. त्यांचा सिद्धांत उष्णतेचा. सगळी बलं उष्णतेतून निघतात, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसातून आले की लिहायला बसत, आणि रात्रीच्या जेवणाला बायकोला विचारीत, कसं वाटतंय? घरात पदार्थविज्ञान शिकलेलं माणूस एकच होतं.

"विसाव्या पानावर मला चूक दिसली होती," बाई सांगत होत्या. "मी म्हणत राहिले, छान आहे. सात वर्षं. ते इतके खूश असायचे." त्यांनी वरची पानं सारखी केली. "त्यांनी मोठमोठ्या विद्यापीठांना प्रती पाठवल्या. कुणाचं उत्तर आलं नाही. शेवटच्या दुखण्यात म्हणाले, जाऊ दे, तुला पटलंय ना, मग मला बाकी कुणाचं नको."

मी मान खाली घातली. माझा प्रश्न मला आठवला आणि बाईंची ती नजरही.

हे कागद त्यानंतर उघडले नाहीत, असं त्या म्हणाल्या. दर सर्वपित्रीला बाहेर काढते आणि परत ठेवते. लोकांचे वाचते, हे वाचवत नाहीत. मग त्यांनी आमच्यापैकी कुणाकडेच न पाहता विचारलं, "घाडी, तुम्ही वाचाल?"

घाडींनी कप खाली ठेवला, हात धोतराला पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि पहिलं पान घेतलं. ते सावकाश वाचत, ओठ हलवत. बाई खिडकीशी उभ्या राहून बाहेरच्या केळीकडे पाहत होत्या. अर्धा तास गेला असेल. पुढे पानांमागून पानं नुसती कोष्टकं आली. तारीख, सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, विहिरीच्या पाण्याचं, गच्चीवरचं. तीन वर्षांची रोजची नोंद. घाडींचं बोट त्या रकान्यांवरून खाली उतरू लागलं तसा त्यांचा चेहरा बदलला.

"बाईनू," ते म्हणाले, "सिद्धांताचा माका काय कळणा नाय. पण मापां चोख घेतलेली आसत. खंय खाडाखोड नाय. जा दिसला ता लिवलेला."

बाई वळल्या. "दाखवा."

त्या येऊन चटईवर घाडींच्या शेजारी बसल्या आणि चष्मा लावला. तपासनिसाच्या सवयीने पेन्सिल हातात घेतली, पण ती कागदाला लावली नाही. त्या वाचू लागल्या. उन्हाळ्याचे आकडे, पावसाळ्याचे आकडे. एका ठिकाणी घाडींचं बोट थांबलं. तिथे ओळीने अकरा दिवसांचे रकाने कोरे होते.

"हय मोजूक नाय कित्याक?" त्यांनी विचारलं. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही आणि इथे सलग अकरा.

बाईंनी तारखा पाहिल्या. दोनदा पाहिल्या.

"तेव्हा मला विषमज्वर झाला होता," त्या म्हणाल्या. "शुद्ध नव्हती मला. हे उशाशी बसून असायचे असं नंतर शेजारणीने सांगितलं."

त्यांनी त्या कोऱ्या रकान्यांवरून पेन्सिलीचं टोक न टेकवता अलगद फिरवलं. मग बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि मला म्हणाल्या की वर तुमच्याकडे आलेखाचा कागद असला तर घेऊन या. ह्यांचे आकडे मांडून बघू काय निघतंय ते.

मी जिना चढलो तेव्हा खालून त्यांचा आवाज येत होता. त्या घाडींना तारखा वाचून दाखवत होत्या.